गळ्यापुरता शिंपी

माझा मामा टेलर आहे, हे आमच्या नातेवाइकांत इतकं पक्कं ठरलेलं होतं की त्याला कुणी कधी काही शिवताना पाहिलेलं नाही, ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नव्हती.

शर्टाच्या कारखान्यात त्याने उभा जन्म काढला. कारखाना म्हणजे एक लांबच लांब हॉल, दोन्ही बाजूंना उंच खिडक्या, मधे मशीनच्या रांगा आणि वर पंखे. हे पंखे वारा देण्यापेक्षा धाग्यांचे तुकडे माणसांच्या चहात नेऊन टाकण्याचं काम जास्त मन लावून करत. एका टोकाला कापडाचे तागे आत जायचे आणि दुसऱ्या टोकाला टाचण्या टोचून खोक्यात बसवलेले शर्ट बाहेर पडायचे. मधल्या प्रवासात प्रत्येकाच्या वाट्याला शर्टाचा एकेक तुकडा होता. मामाच्या वाट्याला कॉलर आली. पहिल्या दिवशी मुकादमाने त्याला कॉलरच्या मशीनवर बसवलं, कारण तेवढीच जागा रिकामी होती. पुढे मामा निवृत्त झाला तो त्याच मशीनवरून उठून.

तिथे नावं कुणी वापरत नसे. जो जे करतो, तेच त्याचं नाव. "ए कफ, चहा घेतोस का?" "बाही आज रजेवर आहे, तिच्या सासूचे गुडघे धरलेत." "पट्टी, कॉलरला सांग, साहेब बोलावतात." काजं करणारी मुलगी आणि बटणं लावणारा मुलगा यांचं जुळलं, तेव्हा सगळ्या हॉलला एकच प्रश्न पडला, की यांना एवढा उशीर का लागला.

मामाची कॉलर मात्र बघण्यासारखी असायची, हे त्याचा भाचा म्हणून नव्हे, शर्ट घालणारा माणूस म्हणून सांगतो. आतला बकरम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारं अस्तर, कापडाशी असा एकजीव व्हायचा की बोटाला पत्ता लागू नये. टोक पालटायच्या आधी मामा शेवटच्या टाक्यात एक दोरा अडकवून ठेवी आणि कापड उलटलं की तो दोरा अलगद ओढी. आत दडलेलं टोक मग शाळेला उशीर झालेल्या मुलासारखं एकदम बाहेर यायचं. डावं आणि उजवं टोक समोरासमोर धरलं तर मधे आरसा आहे असं वाटावं. रस्त्याने चालताना मामा माणसांचे चेहरे बघत नसे. आत्ता गेला तो कोण होता, असं विचारलं तर म्हणायचा, "माहीत नाही, पण डावं टोक वळलेलं होतं." माझ्या वडिलांच्या लग्नातला फोटो त्याने एकदाच निरखून बघितला आणि म्हणाला, "भाऊजी, आत पुठ्ठा घातला होता का?" वडील त्यानंतर बरेच दिवस त्याच्याशी बेताने बोलत.

कॉलर सोडून उरलेल्या शर्टाबद्दल मामाला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. कापड त्याच्यासमोर कापूनच यायचं, त्यामुळे कात्री त्याने दोरे तोडण्यापलीकडे कशाला वापरली नाही. "बाही खांद्याला कशी बसते, खिसा सरळ कसा राहतो, हे तू मला विचारतोस? ते त्या त्या खात्याला विचार!" असं तो म्हणे. जन्मभर टपाल वाटून पत्रात काय असतं ते न विचारणाऱ्या पोस्टमनसारखी त्याची वृत्ती होती.

मग हे झाकलेलं कसं राहिलं? घरात मशीनच नव्हतं. "दिवसभर मशीन, घरी आल्यावर पुन्हा मशीन? मी माणूस आहे की मोटर?" एवढं म्हटलं की विषय संपे. शेजारीपाजारी विरलेल्या कॉलरचे शर्ट घेऊन येत. मामा ती कॉलर उसवून, उलटी करून, हातानेच पुन्हा लावून देई आणि शर्टाला दुसरा जन्म मिळे. "जरा बाहीचंही बघता का?" असं कुणी म्हटलं तर मामा घड्याळाकडे बघे. मोठ्या कारागिराला वेळ नसतो, हे सगळ्यांनाच मान्य होतं.

मामीला अर्थात सगळं ठाऊक होतं. तिच्याकडे कुठली पदवी नव्हती आणि तिला कुठलं खातंही नव्हतं, त्यामुळे गळणारा नळ, उडालेला फ्यूज, चढलेला ताप, उसवलेले कपडे आणि बिनसलेली माणसं हे सगळं तिच्याकडेच यायचं. मामाच्या पँटची शिवण उसवली की ती सुई-दोरा घेऊन बसे आणि खिडकीतून बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "या हो, टेलर, तुमची पँट झाली."

ही गोष्ट माहीत नसलेलं घरातलं एकच माणूस म्हणजे त्यांची मुलगी. तिला आम्ही ठकू म्हणतो. ठकू डॉक्टर आहे, आणि साधी नव्हे. पहिली पदवी मिळाली तेव्हा तिच्या ताब्यात सबंध माणूस होता. पुढची परीक्षा दिली तेव्हा मानेखालचा भाग गेला. त्यापुढच्या परीक्षेत नाक आणि घसाही सुटले. शेवटी तिने असं काही शिक्षण घेतलं की उरला फक्त कान, आणि तोही आतला. आणखी एक परीक्षा दिली असती तर डावा तेवढा राहिला असता, असं मामी म्हणते. कानाच्या आत, डोळ्याला धड दिसत नाहीत अशा हाडांवर ती शस्त्रक्रिया करते, आणि दूरदूरची माणसं तिच्याकडे येतात.

मामाला लेकीचा अभिमान इतका, की समोरच्या माणसाचा कान दिसला की त्याला तिचीच आठवण यायची. एक गोष्ट मात्र त्याला पटत नसे. ठकू माहेरी आली की शेजारी आपापली दुखणी घेऊन जमत.

"ठकू, हा गुडघा बघ गं जरा."

"काका, मला गुडघ्याचं कळत नाही. हाडाच्या डॉक्टरांना दाखवा."

"आणि ही पित्ताची गोळी जेवणाआधी की नंतर?"

"ते गोळी दिली त्या डॉक्टरांना विचारा, मावशी."

मंडळी गेली की मामा हळूच म्हणायचा, "ठकू, सांगायचं की काहीतरी. एवढं शिकलीस, गुडघा म्हणजे काय परका आहे?"

"बाबा, जे येत नाही ते मी कसं सांगू?"

यावर मामी जोरजोरात भांडी लावू लागे.

अशी सगळी घडी नीट बसलेली असताना ठकूला दिवस राहिले. एका संध्याकाळी ती आणि जावई आले. जावई मोठमोठ्या कंपन्या एकमेकींत मिसळतात तेव्हाचे कागद तपासतो. म्हणजे नक्की काय करतो, ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. चहा झाला आणि ठकू म्हणाली, "बाबा, माझं एक मागणं आहे. दवाखान्यातून घरी यायच्या दिवशी बाळाच्या अंगात तुम्ही शिवलेलं झबलं हवं. विकतचं नको. माझे शाळेचे सगळे युनिफॉर्म तुम्ही शिवलेत ना, तसंच."

मामीने कप उचलता उचलता मामाकडे बघितलं. नाही म्हणायला हीच वेळ होती. पण समोर जावई बसलेला, लेक डोळे मोठे करून बघणारी. मामाने छाती पुढे काढली. "एवढंच ना? झबलं म्हणजे काय, हातरुमालाला भोकं!"

पाहुणे गेल्यावर मामी म्हणाली, "झबल्याला कॉलर नसते, माहीत आहे ना?"

मामा खाली बसला. त्याच्या खरंच ध्यानात आलं नव्हतं.

मला निरोप आला तो जुन्या सोबत्यांची बैठक भरवल्याचा. मी पोचलो तेव्हा खोलीत कफ, पट्टी, बाही आणि काज-बटणाचं जोडपं चहा पीत बसले होते. मधल्या टेबलावर दुकानातून आणलेलं एक झबलं पसरलेलं होतं. मामाचा बेत साधा होता. सबंध शर्ट करणारी माणसं इथे हजर आहेत, तेव्हा एक झबलं ती काय गोष्ट!

कफने झबलं उचललं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "ह्यात मी कुठं आहे?"

"तू नाहीस," बाही म्हणाली.

"म्हणजे कफ नाही?"

"हात कोपरापर्यंतसुद्धा पोचत नाही. तुला लावायचं कुठे, कपाळाला?"

"तू तरी आहेस का?"

बाहीने चष्मा चढवला आणि झबल्याचा खांदा चिमटीत धरला. "अगंबाई, ही जोडलेलीच नाही! अंगातूनच थेट पुढे आलीय. ह्याला बाही म्हणतात? हा तर कापडाचा आगाऊपणा आहे."

"समोर उघडतच नाही, म्हणजे पट्टी नाही," पट्टी म्हणाला.

"बटण नाही," बटण म्हणाला.

"म्हणजे काजही नाही," काज म्हणाली. त्या दोघांचं कशावरच दुमत होत नसे. "नाड्या आहेत मागे."

"मागे?" पट्टीने तोंड वाकडं केलं. "मागच्या बाजूला कधी काही काम असतं का?"

"बरं, कापायचं कुणी?" मामाने विचारलं. "कटिंग कुठे असतो हल्ली?"

"कटिंग गेला ना गेल्या थंडीत," बाही म्हणाली.

मग कफने झबलं घडी घालून ठेवलं आणि मामाच्या पाठीवर हात ठेवला. "कॉलर, हे आपल्यापैकी कुणाचंच काम नाही. पोर जरा मोठं होऊ दे, शर्ट शिवू त्याला. सगळे येऊ."

मामा ऐकणाऱ्यातला नव्हता. दुसऱ्याच दिवशी तो वह्या-पेनांच्या दुकानावरच्या शिवणक्लासचा जिना चढला. शिवणाच्या क्लासची तो जन्मभर टिंगल करत आला होता. "शिवायला शाळा? उद्या शिंकायचीही पदविका निघेल!" आता त्याच शाळेच्या दारात तो चपला काढून उभा होता. आत दोन मोठ्या टेबलांवर मुली आणि गृहिणी खाकी कागदावर पट्टीने रेघा मारत होत्या. मॅडम तरुण होत्या, गळ्यात टेप, कानामागे खडू, आणि भिंतीवर त्यांची पदविका चौकटीत.

"आधीचा काही अनुभव?" मॅडमनी विचारलं.

"आहे तर. आयुष्य गेलं."

"काय काय शिवता?"

"कॉलर."

"आणि?"

"कॉलर."

मॅडम हसल्या नाहीत, हे मामाने नंतर मला मुद्दाम सांगितलं. त्या म्हणाल्या, "कॉलर आपल्याकडे अगदी शेवटी येते, मामा."

"मग तोवर मी काय करू?"

"तोवर माणसाचं बाकीचं शरीर."

आणि मामा खरोखर शिकायला लागला. पहिल्या बाकावर बसून, चष्मा पुसून, खाकी कागदावर जीभ बाहेर काढून रेघा मारू लागला. संध्याकाळी घरी येऊन मामीला शिकवू लागला, हे जास्त धोक्याचं होतं.

"तुला माहीत आहे का, बाहीचा आकार पुढून जास्त खोल असतो आणि मागून कमी? का? तर आपला हात पुढे जातो म्हणून! किती साधं आहे! बाही इतकी वर्षं माझ्या शेजारी बसली, एकदाही बोलली नाही."

"तुम्ही विचारलंत कधी?"

"मला काय माहीत, तिला माहीत असेल म्हणून!"

डोक्यात सगळं पटापट शिरत होतं, पण हातपाय कारखान्यातच राहिले होते. कॉलरची शिवण लांबीला वीतभरापेक्षा थोडी जास्त. इतक्या वर्षांच्या सवयीने मामाचा पाय तेवढंच अंतर चालवून आपोआप थांबायचा आणि हात कापड वळवायला जायचे. झबल्याची बाजू शिवताना तो मधेच थांबे, दचके, पुन्हा निघे. त्यामुळे त्याची सरळ शिवण लांबून बघितली तर बसथांबे असलेल्या रस्त्यासारखी दिसायची. शेजारची मुलगी म्हणाली, "मामा, पुढे जा की, सिग्नल हिरवा आहे." मामाने तिला तिच्या ड्रेसची कॉलर नीट करून देऊन गप्प केलं.

शेवटी क्लासमध्ये एक झबलं पुरं झालं. चांगलं झालं होतं. मॅडम म्हणाल्या, "हे द्या मुलीला, मामा. छान आहे."

मामाने ते हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिलं. "ह्याचा गळा तुम्ही कापलाय."

"पहिल्यांदा मी दाखवतेच सगळ्यांना."

"मागची चीर आणि नाड्याही तुमच्याच."

"मग काय झालं?"

"मॅडम, बाकी सगळं मी दुसऱ्याचं चालवून घेतलं असतं. पण गळाच दुसऱ्याचा असेल, तर ह्यात मी काय शिवलं? तिने माझं मागितलंय."

मॅडमनी फार वाद घातला नाही. क्लासमधलं एक जुनं हाताचं मशीन त्याला घरी न्यायला दिलं, आणि काही अडलं तर या, असं सांगितलं. मामाला काही अडलं नाही. मुश्कील तिथेच झाली.

नव्या झबल्यासाठी माप हवं होतं. शेजारच्या इमारतीत नुकतंच बाळ झालं होतं. मामा टेप घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला आणि बाळाच्या आईला म्हणाला, "वहिनी, बाळाचा गळा हवा होता."

दार बंद झालं. मामी गेली, खुलासा झाला, मग ते दार पुन्हा उघडलं. मामाने झोपलेल्या बाळाचा गळा श्वास रोखून मोजला. फक्त गळा. त्याच्या लेखी मोजण्यासारखी जागा माणसाच्या अंगावर तेवढी एकच होती. आणि मॅडमची ती मागची चीर? ती त्याला मनातून कधीच आवडली नव्हती. शिवायचं अर्धवट सोडून वर नाड्या बांधायच्या, हे काय काम झालं? त्याने गळा सगळीकडून बंद, गोल, घट्ट बेतला. असा गोल, की कंपासने काढल्यासारखा. मी बघितलं आणि मला तर तो फारच देखणा वाटला. मला शिवणातलं काय कळतं!

ठकूला मुलगी झाली. घरी यायच्या सकाळी मामा, मामी आणि मी दवाखान्यात गेलो. ठकू ज्या दवाखान्यात काम करते तोच तो, त्यामुळे खोलीत येणारा जाणारा प्रत्येक जण तिला "डॉक्टर, झोपून राहा" असं म्हणत होता आणि ती काही झोपत नव्हती. खिडकीला जरा आखूड पडलेला पडदा, लोखंडी पलंग, पाळण्यात लालबुंद, मुठी वळून झोपलेली नात. जावई खाली गाडीपाशी सामान लावत होता. मामाने पिशवीतून झबलं काढून ठकूच्या हातात दिलं.

"बाबा!" ठकू म्हणाली.

"काय गळा बसवलाय!" म्हणत सिस्टरने झबलं घेतलं. या सिस्टर जुन्या, पोक्त बाई. असल्या कामात त्यांचा हात कधी अडला नसेल. त्यांनी झबलं बाळाच्या डोक्यावरून घातलं. ते कपाळापर्यंत आलं आणि थांबलं. त्यांनी जरा फिरवलं. ते कानाच्या वरच अडलं. बाळाने डोळे उघडले आणि या जगाबद्दलचं आपलं पहिलं स्पष्ट मत मोठ्याने मांडलं.

"डॉक्टर, हे डोक्यातून जात नाहीये." सिस्टरने झबलं काढून चाचपलं. "मागे उघडतं का?"

"नाही," मामा म्हणाला.

"पुढे?"

"नाही."

"मग बाळाने आत शिरायचं कुठून?"

शर्टात माणूस शिरतो कुठून, हा प्रश्न मामापुढे कधी आलाच नव्हता. ते पट्टीचं खातं होतं.

"बाबा, इतकी वर्षं कपडे शिवलेत तुम्ही," ठकू म्हणाली. "असं कसं झालं?"

मामी लगेच पुढे झाली. नवऱ्याला सतत टोचणारी माणसंच अशा वेळी आधी धावतात. "अगं, हल्ली डोळ्यांना कमी दिसतं त्यांना. घाईत राहिलं असेल."

वाट आयती मोकळी झाली होती. मामाने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मी मनातल्या मनात त्याला ढकलतसुद्धा होतो, हलव की रे मान!

"डोळे चांगले आहेत माझे," मामा म्हणाला. "ठकू, मला कॉलर येते. फक्त कॉलर. बाकी काही कधी येत नव्हतं."

"म्हणजे?"

"कारखान्यात मी कॉलर करायचो. बाकीचा शर्ट बाकीचे करायचे."

"आणि माझे युनिफॉर्म?"

"त्यांची कॉलर माझी." मामा झबल्याची कड बोटांनी सारखी करत राहिला. "कटिंग कापून द्यायचा. बाह्या बाही करायची. जेवणाच्या सुट्टीत सगळी लाइन बसायची तुझ्या युनिफॉर्मला. कुणी पूर्ण डबा खायचा नाही त्या दिवशी."

"तुम्ही मला सांगितलंत, मी शिवला म्हणून!"

"मी आणला, असं म्हटलं असेन."

"शिवला म्हणालात," मामी म्हणाली. आता ती पुन्हा आपल्या मूळ पक्षात गेली होती.

ठकूचे डोळे भरून आले, आणि ते प्रेमाने नव्हे, चांगले रागाने. "मी वर्गात सगळ्यांना सांगायचे. माझ्या बाबांना सगळं शिवता येतं म्हणून भांडायचे मी! आणि तुम्ही मला दर वेळी बोलता, गुडघ्याचं सांग, पित्ताचं सांग, काहीतरी सांग..."

मामाने मान खाली घातली. बाळ रडतच होतं. त्याला आजोबांच्या गळ्याचा मान राखायचं काही कारण नव्हतं. त्याच्या एका कानाची वरची कड झबल्यात घासून लाल झाली होती. मामाने ते बघितलं आणि घाबरून सगळं विसरून म्हणाला, "अगं ठकू, तो कान बघ आधी! केवढा लाल झालाय! तू कानाची डॉक्टर ना?"

"बाबा, बाहेरचा कान माझ्याकडे नसतो, मी फक्त आतल्या..."

ती मधेच थांबली. मामाकडे बघितलं. मामाही वर बघत होता. सिस्टर तोंडाला रुमाल लावून खिडकीकडे वळल्या. आधी मामीला हसू फुटलं, मग ठकूला, आणि ठकू अशी हसू लागली की पोट दाबून, "आई गं, टाके दुखतात," म्हणत पलंगावर आडवी झाली. मामाला हसावं की नाही ते बराच वेळ ठरवता येईना.

"कानाला काही झालेलं नाही," मामीने नातीला उचलून खांद्यावर घेतलं. "चोळलं की जाईल."

ठकू डोळे पुसून उठून बसली. "सिस्टर, बारीक कात्री आणि चिमटा आणा. आणि तो मुदत संपलेला धागा असतो ना, शिकाऊ मुलं टाक्यांच्या सरावाला वापरतात तो. सुईसकट."

"डॉक्टर, तुम्ही आता..."

"आणा हो. बाबा, इथे धरा. ताणू नका."

मामाने झबल्याची मागची बाजू दोन्ही हातांनी धरली. ठकूने गळ्यापासून खाली सरळ चीर दिली. इतकी सरळ, की मामाने श्वास आत घेतला तो सोडलाच नाही. मग कडा दुमडून तिने चिमट्याने सुई धरली आणि टाके घालायला घेतले. एक टाका, गाठ, कात्री. पुन्हा टाका, गाठ, कात्री.

"प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ?" मामाने विचारलं.

"एक सुटला तरी बाकीचे धरून राहतात."

मामा वाकून बघत राहिला. कारागिराने कारागिराकडे बघावं तसं. "आमच्याकडे मुकादमाने हाकलून दिलं असतं," तो हळूच म्हणाला, "पण काम चोख आहे."

"तुम्ही गळा असा का घेतलात?"

"गळ्याला नीट बसावा म्हणून."

"बसेल. आत गेल्यावर बसेल."

सिस्टरने नाडीसाठी बँडेजची पट्टी फाडून दिली. मामीने नातीला पलंगावर ठेवून झबलं चढवलं, मागे गाठ मारली आणि टाक्यांवरून बोट फिरवलं. "हे टाके काढायला कधी आणायचं हिला?"

तेवढ्यात जावई वर आला. नव्या कपड्यातली लेक बघून त्याचा चेहरा फुलला. "बाबांनी शिवलं ना हे?" त्याने मामाला विचारलं.

मामाने घसा खाकरला. ठकूकडे बघितलं. "गळा माझा," तो म्हणाला. "मागची चीर आणि टाके हिचे. नाडी सिस्टरची. रीत क्लासच्या मॅडमची. बाजूच्या शिवणी वाकड्यातिकड्या दिसतील, त्याही माझ्याच."

"मला वाटलं, असंच असतं," जावई अगदी मनापासून म्हणाला.

ठकूने मुलीला उचलून मामाच्या हातात दिलं. त्याला मूल धरता येत नव्हतं, हे लगेच दिसलं. मामीने त्याची कोपरं वळवून, तळहात बाळाच्या मानेखाली सरकवून त्याला नीट लावून दिलं. मामा जिन्याकडे निघाला. पहिल्या पायरीपाशी थांबून त्याने करंगळी झबल्याच्या गळ्यात सरकवली आणि मानेभोवती हळूहळू सगळीकडून फिरवून पाहिली.

"बसलाय," तो म्हणाला, आणि पायरीकडे बघत बघत, एकेक पाय टेकवत खाली उतरू लागला.